कॅन्सर आणि कायदे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शोध प्रयोगशाळेत लागतात. त्यात कायद्याचं काय काम?

पैसा कोणी द्यायचा, औषध विकण्याआधी काय सिद्ध करायचं, रुग्णावर प्रयोग करताना त्याला काय सांगायचं, किती जणांना कोणता कॅन्सर झाला हे कोणी मोजायचं, ही सगळी कामं प्रयोगशाळेच्या दाराबाहेरची आहेत. त्यातलं एक अडलं की आतलं कामही तिथेच पडून राहतं.

या पानावर अमेरिकेची उदाहरणं जास्त दिसतील. नावातच कॅन्सर असलेले कायदे तिथे लवकर झाले, त्यांच्यावरून उघड भांडणं झाली आणि बऱ्यावाईट परिणामांचा हिशेबही ठेवला गेला. इतर देशांतलं जिथे वेगळं काही आहे तिथे तेही घेतलं आहे.

सुरुवात कुठून झाली?

भोंदूगिरीपासून. अमेरिकेत १९०६ साली औषधांच्या खोट्या लेबलांविरुद्ध कायदा झाला. त्याच सुमारास कॅन्सस सिटीतून जॉन्सन नावाचे एक डॉक्टर 'कॅन्सरवरचा सौम्य मिश्र उपचार' अशा अर्थाच्या नावाखाली बाटल्या विकत होते. सरकारने खटला भरला, तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९११ मध्ये सरकार हरलं. न्यायमूर्ती होम्स यांनी लिहिलेल्या निकालाचा मथितार्थ असा, की बाटलीत काय आहे याबद्दल खोटं बोलणं हा या कायद्याने गुन्हा आहे, पण त्या बाटलीने काय बरं होतं याबद्दलचं खोटं कायद्यात बसत नाही. पुढच्याच वर्षी संसदेने दुरुस्ती केली. तिच्यातही फट राहिलीच. फसवण्याचा हेतू सरकारने सिद्ध करायचा होता, त्यामुळे 'माझा स्वतःचा या औषधावर विश्वास आहे' एवढं विक्रेत्याने म्हटलं की सुटायची सोय झाली.

ब्रिटनने १९३९ साली कॅन्सर अ‍ॅक्ट केला. त्याची बाकीची कलमं कधीच रद्द झाली, पण कॅन्सर बरा करण्याची जाहिरात सर्वसामान्यांसाठी करायला मनाई करणारं कलम अजून जिवंत आहे आणि त्याखाली खटलेही चालतात. भारताच्या १९५४ च्या जादुई उपायांविरुद्धच्या कायद्याच्या यादीतही कॅन्सर आहे. मोबाइलवर फिरणारे संदेश पाहिले की या कलमांचं वय झालेलं नाही हे पटतं.

सरकारने थेट संशोधनाला पैसा द्यायला कधी सुरुवात केली?

आधी सरकारला बक्षीस लावायचं होतं. १९२७ मध्ये सिनेटर मॅथ्यू नीली यांनी कॅन्सरवर रामबाण उपाय शोधणाऱ्याला ५० लाख डॉलर द्यावेत असं विधेयक मांडलं. झालं काय, तर हजारो पत्रांचा ढीग आला, आणि त्यात बहुतेक घरगुती काढे, मलमं आणि हमखास गुण देणारे उपाय. नीलींनी धडा घेतला. पुढच्या वर्षी त्यांनी बक्षिसाऐवजी संशोधनासाठी पैसा मागितला. सिनेटने तो मंजूर केला, पण दुसऱ्या सभागृहात विषय बारगळला.

१९३७ च्या विधेयकाला मात्र सिनेटमधल्या सगळ्या सदस्यांनी प्रस्तावक म्हणून नाव दिलं. ५ ऑगस्ट १९३७ ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सही केली आणि नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, म्हणजे एनसीआय, उभी राहिली. तरतूद होती वर्षाला ७ लाख डॉलर. त्यात बाहेरच्या विद्यापीठांना अनुदान, तरुण संशोधकांना शिष्यवृत्त्या आणि रेडियम विकत घेऊन हॉस्पिटलना वापरायला देणं अशी कामं होती. सरकारने रेडियम उसनं द्यायचं हे आज गमतीशीर वाटतं, पण तेव्हा रेडियम इतकं महाग होतं की साध्या हॉस्पिटलच्या आवाक्यात ते येतच नसे.

अणुबाँबच्या कार्यक्रमाचा कॅन्सरशी संबंध होता म्हणतात, ते खरं का?

हो. अमेरिकेचा अणुऊर्जा कायदा १ ऑगस्ट १९४६ ला झाला. दुसऱ्याच दिवशी अणुबाँबच्या कार्यक्रमासाठी उभारलेल्या ओक रिजच्या अणुभट्टीतून बाहेरच्या जगासाठी पहिली किरणोत्सारी खेप निघाली. कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनची अगदी थोडी मात्रा, एक मिलिक्युरी, एका छोट्या डब्यात. ती गेली सेंट लुईसच्या कॅन्सर हॉस्पिटलला.

१९७१ चा 'कॅन्सरविरुद्धच्या युद्धा'चा कायदा म्हणजे नेमकं काय?

नॅशनल कॅन्सर अ‍ॅक्ट. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी २३ डिसेंबर १९७१ ला त्यावर सही केली. 'युद्ध' हा शब्द गाजला तो भाषणांतून आणि वर्तमानपत्रांतून. कायदा वाचला तर तो बराचसा खातेवाटपाचा कागद आहे.

त्यामागची खटपट जास्त रंजक आहे. मेरी लास्कर या श्रीमंत आणि चिकाटीच्या बाईंनी अनेक वर्षं राजकारण्यांच्या मागे लकडा लावला होता. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर काम करणारे डॉक्टर सिडनी फार्बर त्यांच्या बाजूला होते. डिसेंबर १९६९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात आली, निक्सनसाहेब, तुम्ही कॅन्सर बरा करू शकता अशा अर्थाची. एप्रिल १९७१ मध्ये अ‍ॅन लँडर्स या लोकप्रिय सल्लागार स्तंभलेखिकेने वाचकांना आपापल्या सिनेटरला पत्र लिहायला सांगितलं, आणि लाखो पत्रं आली. ती उघडता उघडता सिनेटरांच्या कचेऱ्यांतले कर्मचारी मेटाकुटीला आले.

खरा वाद वेगळाच होता. लास्कर यांच्या गटाला चंद्रावर माणूस पाठवणाऱ्या नासासारखी, थेट राष्ट्राध्यक्षांच्या हाताखालची स्वतंत्र संस्था हवी होती. शास्त्रज्ञांपैकी अनेकांचा याला विरोध होता. चंद्रावर कसं जायचं याचं गणित आधीच माहीत होतं, कॅन्सरचं मूळ कुणालाच कळलेलं नव्हतं. शेवटी तडजोड झाली. एनसीआय आरोग्य संस्थांच्या छत्राखालीच राहिली, पण तिच्या संचालकाची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करणार आणि तिचा अंदाजपत्रकाचा प्रस्ताव मधल्या साहेबांना वळसा घालून सरळ राष्ट्राध्यक्षांकडे जाणार असं ठरलं. तीन वर्षांसाठी सुमारे १.६ अब्ज डॉलरची तरतूद झाली आणि १५ नवी कॅन्सर केंद्रं उभारायला मंजुरी मिळाली. आज एनसीआयची मान्यता असलेली केंद्रं सत्तरहून अधिक आहेत. माझ्या मते कायद्याचा सर्वांत टिकाऊ भाग ही केंद्रंच. कारण तिथे एकाच आवारात रुग्ण, प्रयोगशाळा आणि आकडेवारी एकत्र आली.

मग कॅन्सर संपला का नाही? कायदा फसला असंच म्हणायचं ना?

१९७६ पर्यंत, म्हणजे देशाच्या द्विशताब्दीपर्यंत, कॅन्सर हटवू अशी भाषा त्या वेळी होत होती. त्या मापाने फसलाच. अमेरिकेतला कॅन्सरचा मृत्युदर पुढे १९९१ पर्यंत चढतच राहिला. त्यानंतर मात्र तो उतरू लागला आणि आता त्या शिखरापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने खाली आहे.

पण ज्याचं मूळच ठाऊक नाही त्याला तारीख देणं हीच चूक होती. गंमत अशी, की ज्या १९७६ साली विजय व्हायचा होता त्याच वर्षी बिशप आणि व्हार्मस यांच्या प्रयोगशाळेने दाखवून दिलं की कॅन्सर घडवणाऱ्या जनुकाचं मूळ निरोगी पेशीतच असतं. शत्रू घरातलाच निघाला. त्यांना १९८९ चं नोबेल मिळालं.

पैसा वाया गेला असंही नाही, तो भलत्याच दारातून परत आला. माणसाच्या कॅन्सरमागे विषाणू असणार या समजुतीवर सरकारने भरपूर खर्च केला. अपेक्षेइतके विषाणू सापडले नाहीत, पण रेट्रोव्हायरस, म्हणजे एड्सचा विषाणू ज्या गटातला आहे ते विषाणू, ओळखायची हत्यारं तयार झाली. एड्सची साथ आली तेव्हा तीच कामी आली. एड्सवरचं पहिलं मंजूर औषध एझेडटी हेसुद्धा मुळात १९६४ मध्ये एनसीआयच्या अनुदानावर कॅन्सरसाठी बनवलेलं. उंदरांच्या कॅन्सरवर ते निकामी ठरलं आणि कपाटात गेलं होतं.

कायद्याने दिलेल्या पैशातून थेट निघालेलं एखादं कॅन्सरचं औषध सांगा.

टॅक्सॉल, म्हणजे पॅक्लिटॅक्सेल. केमोच्या वॉर्डात हे नाव रोज ऐकू येतं.

१९५५ मध्ये अमेरिकी संसदेने केमोथेरपीची औषधं शोधण्यासाठी खास निधी दिला आणि त्यातून झाडपाला, मुळं, बुरशी असं जे हाती येईल ते तपासून पाहण्याचा कार्यक्रम सुरू झाला. १९६२ मध्ये कृषी खात्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर बार्कले यांनी वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलातून पॅसिफिक यू या झाडाची साल पिशव्यांत भरून आणली. लाकूडतोड्यांच्या लेखी ते कचऱ्यात टाकायचं झाड. मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी त्या सालीतला गुणकारी रेणू वेगळा केला आणि १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. वाणी मूळचे नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले. ही गोष्ट मराठीत फारशी सांगितली जात नाही म्हणून मुद्दाम इथे.

तरीही औषध बाजारात यायला १९९२ उजाडलं. पाण्यात विरघळत नाही, साल काढली की झाड मरतं, आणि एका झाडात औषध अगदी थोडं. पर्यावरणवाले झाडासाठी भांडत होते आणि रुग्ण औषधासाठी. शेवटी १९९२ मध्ये खास 'पॅसिफिक यू अ‍ॅक्ट' करावा लागला. सरकारी जंगलातली साल कशी काढायची आणि झाड कसं टिकवायचं, यासाठी. एका औषधाच्या झाडासाठी संसदेने कायदा करावा हे विरळाच. पुढे पानांतल्या रेणूपासून औषध बनवायची रीत सापडली आणि झाडं सुटली.

सरकारच्या पैशाने शोध लागतो, मग नफा कंपनीला कसा?

यामागे दोन कायदे आहेत. १९८० च्या बाय-डोल कायद्याने विद्यापीठांना सरकारी पैशातून लागलेल्या शोधाचं पेटंट स्वतःकडे ठेवायची मुभा दिली. त्याआधी अशी हजारो पेटंटं सरकारच्या कपाटात धूळ खात होती. १९८६ च्या कायद्याने सरकारी प्रयोगशाळांना कंपन्यांशी करार करायची वाट मोकळी केली. टॅक्सॉल १९९१ मध्ये याच वाटेने ब्रिस्टल-मायर्स स्क्विबकडे गेलं.

हिशेब सरकारी लेखापरीक्षकांनीच २००३ मध्ये मांडला. २००२ पर्यंत टॅक्सॉलशी निगडित संशोधनावर सरकारचा खर्च ४८ कोटी डॉलरच्या पुढे, कंपनीची जगभरातली विक्री सुमारे ९ अब्ज डॉलर, सरकारला मिळालेली रॉयल्टी ३.५ कोटी डॉलर. हे आकडे वाचून चीड येते, यायलाही हवी. पण कंपनीशिवाय ते औषध एवढ्या लवकर एवढ्या रुग्णांपर्यंत पोचलं असतं का, हाही प्रश्न प्रामाणिकपणे विचारावा लागतो. बाय-डोल कायद्यात सरकारने मधे पडून दुसऱ्याला परवाना देण्याचं कलम आहे. प्रोस्टेट कॅन्सरच्या एन्झाल्युटामाइडसाठी ते वापरा अशी मागणी झाली होती, ती २०२३ मध्ये फेटाळली गेली.

मरणाच्या दारात असलेल्या माणसाला हवं ते औषध घेऊ द्यायला काय हरकत आहे?

हा प्रश्न भावनेचा आहे, म्हणून उत्तर कोरडं वाटेल.

अमेरिकेत १९६२ पर्यंत औषध सुरक्षित आहे एवढंच दाखवावं लागे. गुण येतो का, हे कायदा विचारतच नव्हता. गरोदर बायकांनी घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधामुळे युरोपात हजारो मुलं हातापायांत व्यंग घेऊन जन्मली. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या अधिकारी बाईंनी पुरावा अपुरा आहे म्हणून ते औषध अडवून धरलं होतं. त्या धक्क्यातून केफॉव्हर-हॅरिस दुरुस्ती झाली, आणि औषधाचा गुण नीट आखलेल्या चाचण्यांतून दाखवा अशी सक्ती आली. आजची प्रत्येक केमो, प्रत्येक इम्युनोथेरपी या चाळणीतून आली आहे. आणि नशिबाचा फेरा पाहा, तेच थॅलिडोमाइड २००६ मध्ये मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेतल्या कॅन्सरसाठी रीतसर चाचण्यांनंतर मंजूर झालं.

उलट उदाहरण लेट्राइलचं. जर्दाळूच्या बियांशी नातं सांगणारं हे द्रव्य सत्तरच्या दशकात इतकं लोकप्रिय झालं, की वीसहून जास्त राज्यांनी कायदे करून ते वापरायला मोकळीक दिली. १९७९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की मरणासन्न रुग्णासाठीही औषधाचा कायदा तोच. मग चाचणी झाली. १७८ रुग्णांवरचे निष्कर्ष १९८२ मध्ये आले. कॅन्सर हटला नाही, आणि काही जणांच्या रक्तात सायनाइड धोक्याच्या पातळीजवळ गेलं. वीस-बावीस विधिमंडळांनी हात वर करून मंजूर केलं तरी द्रव्य गुण देत नाही.

कायद्यानेच रुग्णांचं नुकसान केलं असं कधी झालं आहे?

झालं आहे, आणि सगळ्यांचा हेतू चांगला असताना झालं आहे.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस स्तनाच्या कॅन्सरसाठी एक विचार पुढे आला. केमोचा डोस इतका वाढवायचा की अस्थिमज्जाच जळून जाईल, आणि आधी काढून ठेवलेली रुग्णाचीच मज्जा परत घालायची. सुरुवातीचे निकाल आशादायक दिसले, पण ते तुलनेशिवायचे होते. निवडलेले रुग्ण मुळातच तब्येतीने बरे होते. विमा कंपन्या 'हे प्रायोगिक आहे' म्हणून पैसे नाकारत. बायका कोर्टात गेल्या. डिसेंबर १९९३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका ज्यूरीने विमा कंपनीला ८.९ कोटी डॉलरचा दणका दिला. ती रुग्ण तोवर वारली होती. निकाल ऐकून कोणाचा जीव हलणार नाही? पाठोपाठ राज्यांनी कायदे केले, की या उपचाराचे पैसे द्यावेच लागतील.

परिणाम उलटा झाला. उपचार विम्यातून सरळ मिळू लागल्यावर चाचणीत नाव घालून नाणेफेकीने कोणत्या गटात जायचं हे ठरवून घ्यायला कोण तयार होणार? चाचण्यांना रुग्ण मिळेनात, उत्तर वर्षानुवर्षं लांबलं. दरम्यान वीस हजारांहून अधिक बायका या उपचारातून गेल्या. काही कॅन्सरने जाण्याआधी उपचारानेच गेल्या. १९९९ मध्ये पाच चाचण्यांचे निकाल एकत्र समोर आले. चारांत फायदा दिसला नाही. पाचवी, दक्षिण आफ्रिकेतल्या वर्नर बेझवोडा यांची, मात्र भरघोस यश सांगत होती. तपासायला पथक गेलं, कागद जुळेनात, आणि २००० मध्ये बेझवोडा यांनी निकालांत फेरफार केल्याची कबुली दिली.

विम्याने चाचणीतल्या रुग्णाचा नेहमीचा खर्च उचलावा, हा कायदा तेव्हा असता तर चित्र वेगळं असतं. अमेरिकेत खासगी विम्यासाठी तो २०१० च्या आरोग्य कायद्यातून आला.

काही औषधांना अर्धवट पुराव्यावर मंजुरी देतात, ते कसं काय?

एड्सच्या काळात रुग्णांनी रस्त्यावर उतरून मागितलेली ही सवलत १९९२ मध्ये नियमात आली. गाठ लहान झाली एवढ्यावर तात्पुरती मंजुरी, आयुष्य वाढतं का ते नंतर सिद्ध करायचं. बिव्हासिझुमॅब या औषधाला स्तनाच्या पसरलेल्या कॅन्सरसाठी २००८ मध्ये अशी मंजुरी मिळाली आणि पुढच्या चाचण्यांत आयुष्य वाढल्याचं न दिसल्याने २०११ मध्ये ती काढून घेतली गेली. इतर कॅन्सरसाठी ते चालूच आहे. मुख्य दुखणं असं, की कंपन्या नंतरच्या चाचण्या रेंगाळत ठेवत. २०२२ च्या कायद्याने नियामकांना 'मंजुरीआधीच पुढची चाचणी सुरू करा' असं सांगायचा अधिकार दिला. तीस वर्षं लागली.

चाचणीत भाग घेताना एवढं लांबलचक संमतीपत्र का असतं?

ते कागद पुढ्यात आले की आपण शेवटचं पान उलटून 'सही कुठे करायची?' एवढंच विचारतो. त्यामागची गोष्ट ऐकली तर निदान पहिली दोन पानं वाचली जातील.

१९६३ मध्ये ब्रुकलिनच्या एका हॉस्पिटलात २२ वृद्ध, आजारी माणसांच्या कातडीखाली कॅन्सरच्या जिवंत पेशी टोचल्या गेल्या. प्रयोग करणारे चेस्टर साउदम नावाजलेले संशोधक होते. पेशी कॅन्सरच्या आहेत हे रुग्णांना सांगितलं नाही, कारण सांगितलं तर घाबरतील. तिथल्या तीन तरुण डॉक्टरांनी हे काम करायला नकार दिला आणि प्रकरण बाहेर आलं. पुढे अमेरिकेतल्याच टस्कीगी गावात प्रयोगासाठी काळ्या पुरुषांचा सिफिलिस उपचाराविना ठेवल्याचं उघड झालं आणि १९७४ मध्ये नॅशनल रिसर्च अ‍ॅक्ट झाला. संशोधन करणाऱ्याखेरीज वेगळ्या समितीने प्रयोग आधी तपासायचा, ही सक्ती त्या कायद्याची.

अति झालं की काय होतं, ते युरोपने पाहिलं. २००१ च्या चाचणी निर्देशाने कागदपत्रं इतकी वाढवली, की कंपनीचं पाठबळ नसलेल्या डॉक्टरांना चाचण्या चालवणं जड झालं. औषध जुनं आहे, फक्त डोस कमी करून चालेल का ते बघायचं आहे, असल्या प्रश्नांत कंपनीला रस नसतो, ते डॉक्टरांनीच तपासायचे असतात. २०१४ मध्ये नवा नियम केला, तो लागू व्हायला २०२२ उजाडलं.

लहान मुलांच्या आणि दुर्मीळ कॅन्सरकडे कंपन्या बघतात का?

आपणहून कमीच. १९८३ च्या 'ऑर्फन ड्रग' कायद्याने अमेरिकेत दोन लाखांपेक्षा कमी रुग्ण असलेल्या आजाराच्या औषधाला सात वर्षांची मक्तेदारी आणि करसवलत दिली. रक्ताच्या एका कॅन्सरचं रूपच पालटून टाकणारं इमॅटिनिब हा दर्जा घेऊनच २००१ मध्ये आलं. मोठ्या आजाराचे बारीक तुकडे पाडून प्रत्येकाला 'दुर्मीळ' म्हणवून घ्यायची हुशारीही कंपन्या पटकन शिकल्या.

मुलांचं दुखणं निराळं. फुप्फुसाचा कॅन्सर मुलांना होत नाही, म्हणून त्याचं औषध मुलांवर तपासायची सक्ती नव्हती. पण त्या औषधाचं लक्ष्य असलेलं एएलके जनुक न्यूरोब्लास्टोमा या मुलांच्या मज्जापेशींच्या कॅन्सरमध्येही बिघडलेलं सापडतं! २०१७ च्या रेस कायद्याने निकष बदलला. अवयव कोणता ते सोडा, लक्ष्य कोणतं ते पाहा. तो २०२० पासून लागू आहे.

सर्वांत जास्त जीव कोणत्या कायद्यांनी वाचवले?

तंबाखूच्या. यात मला शंका नाही. संशोधनाचे कायदे त्यामानाने मागे आहेत.

१९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलचा, म्हणजे सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याचा, सिगारेटने कॅन्सर होतो असं सांगणारा अहवाल आला, पुढच्या वर्षी पाकिटावर इशारा छापायचा कायदा झाला. तो इशारा इतका मवाळ होता की उद्योगाला फारसं काही झोंबलं नाही. १९७० च्या कायद्याने रेडिओ-टीव्हीवरच्या सिगारेटच्या जाहिराती बंद केल्या, पण २ जानेवारी १९७१ पासून. १ तारखेपासून का नाही? नववर्षदिनाच्या फुटबॉल सामन्यांच्या जाहिराती हातच्या जाऊ नयेत म्हणून.

दुसरी गोष्ट क्वचित सांगितली जाते. १९६७ पासून टीव्ही वाहिन्यांना सिगारेटच्या जाहिरातींच्या तोडीला धूम्रपानाविरुद्धचे संदेश फुकट दाखवावे लागत आणि ते चांगले बोचरे असत. जाहिराती बंद झाल्यावर ते संदेशही गेले. बंदीला उद्योगाचा विरोध का मावळला होता, हे यावरून समजावं. खरी घसरण पुढे कर, सार्वजनिक जागांवरची बंदी आणि कोर्टातले दावे यांनी घडवली. अमेरिकेत १९६५ मध्ये दहातले चार प्रौढ धूम्रपान करत, आता जेमतेम एक. जागतिक तंबाखू करार २००५ मध्ये अमलात आला आणि ऑस्ट्रेलियाने २०१२ मध्ये पाकिटावरचं रंगीत बोधचिन्हच काढून टाकलं.

अन्नातल्या रसायनांचं काय?

१९५८ च्या डेलनी कलमाने अमेरिकेत सरळ सांगितलं, की माणसात किंवा प्राण्यात कॅन्सर घडवणारा पदार्थ अन्नात घालायचा नाही, मात्रा कितीही असो. ऐकायला उत्तम. पण उंदरांना भरमसाट सॅकरिन दिल्यावर मूत्राशयात गाठी झाल्या, आणि १९७७ मध्ये बंदीचा प्रस्ताव येताच मधुमेही लोक खवळले. संसदेने स्वतःच्याच कलमातून सॅकरिनला सूट दिली, फक्त इशारा छापायला लावला. पुढे कळलं की अशा गाठी होण्याची ती प्रक्रिया उंदरांतच घडते, आणि २००० मध्ये इशाराही गेला. कलम मात्र अजून आहे. जानेवारी २०२५ मध्ये खाद्यपदार्थांतल्या लाल रंग क्रमांक ३ ची मंजुरी त्याच्याच आधारे काढली.

कॅन्सरची नोंदणी सक्तीची करण्यात काय हशील?

कोणता कॅन्सर कुठे वाढतोय हे न मोजता उपाय कसला करणार? अमेरिकेची कॅन्सर नोंदणी १९७१ च्या कायद्यातून १९७३ मध्ये सुरू झाली. मृत्युदर खरंच उतरतोय की लवकर निदानामुळे तसं भासतंय, हा वाद या नोंदवह्यांशिवाय सुटत नाही. जपानने २०१३ च्या कायद्याने सर्व हॉस्पिटलांनी कॅन्सरचे रुग्ण कळवणं बंधनकारक केलं.

महाग औषध स्वस्त करण्यासाठी कायदा काही करतो का?

भारताची दोन उदाहरणं जगभर शिकवली जातात. पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) नुसार जुन्या रेणूचं किरकोळ बदललेलं रूप, गुणात भर पडल्याशिवाय, पेटंटला पात्र नाही. याच कलमावर सुप्रीम कोर्टाने १ एप्रिल २०१३ ला इमॅटिनिबच्या नव्या स्फटिकरूपाचं पेटंट नाकारलं. त्याआधी मार्च २०१२ मध्ये सोराफेनिब या कॅन्सरच्या औषधासाठी सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या मर्जीशिवाय दुसऱ्या कंपनीला ते बनवायची मुभा, दिला गेला आणि महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपयांवरून सुमारे ८,८०० वर आला. अमेरिकेने २०२२ च्या कायद्याने वृद्धांच्या सरकारी विम्यात औषधांचा स्वतःच्या खिशातला खर्च २०२५ पासून एका वार्षिक मर्यादेवर थांबवला; त्या वर्षी ती २,००० डॉलर होती.

वेदनाशामक मॉर्फीन मिळायला एवढा त्रास का होतो?

व्यसनाच्या भीतीने केलेल्या कायद्यांमुळे. भारतात १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर एकेका हॉस्पिटलला वेगवेगळ्या खात्यांचे चार-पाच परवाने एकाच वेळी वैध ठेवावे लागत. एकाची मुदत संपली की बाकीचे निरुपयोगी. पुढच्या बारा वर्षांत मॉर्फीनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घसरला. अफू पिकवणाऱ्या देशात हाडांत पसरलेल्या कॅन्सरचे रुग्ण कळवळत राहिले. डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या दीर्घ पाठपुराव्यानंतर २०१४ मध्ये दुरुस्ती झाली आणि एका परवान्यावर काम भागायची सोय झाली. गाठीवरच्या उपचाराचे कायदे बातम्यांत येतात, दुखण्यावरचे येत नाहीत.

बरं झाल्यावरही विमा, कर्ज, नोकरी यांत कॅन्सर आडवा येतो. त्यावर कायदा आहे का?

थोडाफार. अमेरिकेच्या २००८ च्या कायद्याने जनुकीय चाचणीच्या निकालावरून आरोग्य विमा किंवा नोकरी नाकारता येत नाही. स्तनाच्या कॅन्सरचा धोका सांगणारी बीआरसीए जनुकं तपासायला बायका घाबरत होत्या, त्या अशाच नकाराच्या भीतीने. आयुर्विमा मात्र या कायद्याबाहेर आहे, ते तपासणीआधी लक्षात ठेवा.

फ्रान्स आणखी पुढे गेला. तिथे घराच्या कर्जासोबतचा विमा काढताना आरोग्याची प्रश्नावली भरावी लागे, आणि वीस वर्षांपूर्वीचा कॅन्सर लिहिला की हप्ता वाढे किंवा कर्जच मिळत नसे. २०१६ मध्ये 'विसरलं जाण्याचा हक्क' कायद्यात आला. उपचार संपून दहा वर्षं झाली की तो आजार सांगायची गरज नाही. २०२२ मध्ये दहाची पाच वर्षं झाली. शिवाय माणशी दोन लाख युरोपर्यंतचं आणि साठीच्या आत फिटणारं घरकर्ज असेल तर प्रश्नावलीच मिळत नाही. त्या रकान्यात काय लिहायचं, हा प्रश्नच मग उरत नाही.